लुडबुड

आयटीच्या कोर्ससाठी मी सेकंड-हँड पार्ट आणून कॉम्प्युटर जोडायला बसले. बाबा जन्मभर वायरमन, दोनदा डोकावले, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही. लुडबुड नको." ते गुपचूप दाराशी स्टूल टाकून बसले.

शेवटचा स्क्रू पिळून बटण दाबलं. ढिम्म. सगळं सोडवून पुन्हा जोडलं, तरी ढिम्मच. "दुकानदारानं गंडवलं मला!" मी रडकुंडीला आले.

"म्हणजे काम झालं तुझं?" बाबांनी विचारलं. "दोन्ही हात बाहेर?"

"कधीचंच झालंय!"

"मग तसं सांगायचं असतं गं," म्हणत त्यांनी शर्टाच्या खिशातून भिंतीवरच्या बोर्डाचा फ्यूज काढला. "आत कुणाचा हात असेपर्यंत हा माझ्याकडेच असतो."