चार उजेडांची पेटी

"ओढणी काढ आधी. बाहेर ठेव," बाबा म्हणाले. त्यांचा घरी विसरलेला चष्मा द्यायला लेक आली होती, तो हातात घेण्याच्याही आधी.

रुचितानं केशरी ओढणी दाराबाहेरच्या खुर्चीवर टाकली. डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या कापडरंगाच्या कारखान्याची ही लॅब. इथे सगळे पांढऱ्या कोटात. रंगीत कपडा आत आला की त्याची झाक नमुन्यावर पडते, हे तिला लहानपणापासून पाठ. आज विसरली. ठाण्याच्या कॉलेजातले तिचे गाईड, मोकाशी सर, सकाळी म्हणाले होते, "जग जाणणाऱ्याच्या मनात घडतं म्हणणारे ते जुने चिद्वादी! दोन-तीनशे वर्षं झाली त्यांना. आज मशिनं जग मोजताहेत. ज्ञानावरच्या आजच्या प्रबंधात त्यांचं काय काम? संध्याकाळपर्यंत त्यांच्यावरचं ते प्रकरण काढा, नाहीतर मी सही करणार नाही."

त्या एका प्रकरणाला तिनं दोन वर्षं दिली होती.

"रतनमामा, मशीन पास म्हणतंय," बाहेर रंग मोजणाऱ्या मशीनच्या स्क्रीनपाशी बसलेला मदतनीस पोपट ओरडला. "टेम्पो उभा आहे. सोडू माल?"

"थांब रे. मशीनला डोळे नसतात," बाबा म्हणाले.

"पगारही नसतो, मामा. म्हणून तर मालकाला आवडतं."

बाबा हसले. कापडाचे दोन तुकडे, एक गिऱ्हाइकाचा नमुना आणि एक नव्या मालातला, त्यांनी चार बटणांच्या राखाडी पेटीत शेजारी शेजारी मांडले, खोलीतला दिवा घालवला, दाराचा पडदा ओढला. "ये, बघ."

पहिलं बटण. दिवसाचा उजेड. दोन्ही तुकडे विहिरीच्या काठावरच्या शेवाळासारखे, एकसारखे हिरवे.

दुसरं बटण. दुकानातली ट्यूब. तरी एकच.

तिसरं. घरातला पिवळा बल्ब.

रुचिता पेटीवर वाकली. उजवा तुकडा हिरवाच होता. डावा तपकिरी झाला होता. कुणी हात लावला नव्हता, थेंब सांडला नव्हता. जुळी भावंडं उभी होती, आणि बघता बघता एक परकं झालं.

"पोपट, माल थांबव!" बाबा पडद्याआडून म्हणाले.

"यातला खरा रंग कुठला, बाबा?"

"तीस वर्षं गिऱ्हाईक हेच विचारतंय. मी म्हणतो, कुठल्या उजेडात, ते आधी सांगा. आणि कुणाच्या डोळ्याला, तेही." गाभाऱ्यात बोलावं तसे ते बोलत होते. "मशीन खोटं नाही बोलत गं. पण ते एकाच उजेडाचं सांगतं. आणि तो उजेड त्याला कुणीतरी माणसानंच ठरवून दिलाय. मी आयुष्यभर रंग करतोय, तरी सांगतो, नुसत्या कापडात रंग नसतो."

फोन थरथरला. मोकाशी सर.

"काढलंत प्रकरण?"

"नाही सर. ठेवतेय."

"कशाच्या आधारावर? आजचा आधार पाहिजे मला. आजचा."

रुचितानं स्पीकर लावला आणि फोन पेटीशेजारी पालथा ठेवला. बाबांनी डोळ्यांना विसावा म्हणून तिसरं बटणही बंद केलं होतं. मिट्ट काळोख.

"बाबा, आता कुठला रंग आहे त्यांचा?"

"आता?" काळोखातून आवाज आला. "आता नुसतं कापड आहे. रंग यायचाय अजून."

फोनमधून सर हळूच म्हणाले, पहिल्या बाकावर बसलेल्या मुलासारखे,

"त्यांना विचारा ना... तोवर तो असतो कुठे?"

बाबांचं बोट चौथ्या बटणावर होतं. त्यांनी ते दाबलं नाही.