अर्धा इंच

जयूमावशी ब्लाउजची शिवण उसवत बसल्या होत्या. आज तिसरं गिऱ्हाईक तंग ब्लाउज परत देऊन, चार शब्द सुनावून गेलं होतं.

“पण मापं तर माझ्या ॲपमध्ये आहेत ना?” शलाकानं विचारलं. ते ॲप या नववीतल्या पोरीनंच बनवलं होतं. मावशी पैसे देत होत्या, तर “छे, दोन तासांचं तर काम! त्याचे कसले पैसे?” म्हणून तिनं ऐटीत नाकारले होते.

मावशींनी फोन पुढे केला. शलाकानं साडेचौतीस टाकलं, ॲपनं नुसतं चौतीस ठेवलं. वरचा अर्धा इंच ॲप गुपचूप गिळत होतं!

“अहो, मला सांगायचं नाही का?”

“कसं सांगणार? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, बाई.”

शलाकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फुकटच्या उदारपणानं आपण मावशींचं तोंडच शिवून टाकलं होतं.

“पैसे द्या, मावशी,” ती मान खाली घालून म्हणाली. “आणि मग काय बोलायचं ते बोला.”

मावशींनी नोट तिच्या हातावर ठेवली, चष्मा सावरला आणि आवाज चढवला, “काय गं भवाने, माझा अर्धा इंच कुठं घालवलास?”