वाटणीतले ट्वीटर

घटस्फोटानंतर वाटायला घरी बनवलेले स्पीकर उरले: दोन पेट्या, चार वूफर, दोन ट्वीटर आणि पेट्यांबाहेरचे दोन क्रॉसओव्हर. वूफर नवऱ्याने निवडले, दणदणाटासाठी. ट्वीटर मी निवडले, वरच्या सुरांसाठी. गळ्याने गोड, जिवाने नाजूक. खर्जाचा जोर त्यांना सोसत नाही. तो अडवायला क्रॉसओव्हर. त्यातली तारेची प्रत्येक कॉइल मी हाताने गुंडाळली, पण पाहुण्यांना तो सांगायचा, "हिने फक्त धूळ पुसली." "स्पीकर माझे," तो म्हणाला. "घे. क्रॉसओव्हर मी नेते." "ने की! तारांचं लोणचं घाल." मी ते पिशवीत टाकले. "पण स्पीकर वाजतील ना?" त्याने विचारले. "वाजतील की." माझ्यादेखत त्याने तारा थेट अ‍ॅम्प्लिफायरला जोडून आवाज चढवला. खरखर झाली आणि वरचे सूर गेले. "अगं, काय झालं?" मी मल्टिमीटर लावला. धडधाकट ट्वीटरचा रोध सहा ओहम, आतली तार जळून तुटलेल्याचा अनंत. डावा: अनंत. उजवा: अनंत.