विरलेलं जाळं

लेकीला क्षयाने नेल्यावर महिन्याभरात भागीरथी कोळणीच्या सुनेच्या थुंकीतही रक्त दिसलं. डॉक्टरांनी विचारलं, "लेकीच्या गोळ्या सुनेलाही दिल्यात?" भागीरथीची मान ताठच. "दिल्या! दोघी खोकायच्या. एका घरात दोन रोगी म्हटल्यावर कोळीवाड्यात बोभाटा झाला असता. म्हणून एकेक गोळी दोघींत मोडली. आमच्यात वाटून खातात, डॉक्टर!" "मावशी, विरलेल्या जाळ्यात काय होतं?" "मरतुकडी मासळी अडकते, दांडगी जाळं फाडून निसटते." "अर्ध्या गोळीने तेच झालं. मरतुकडे जंतू मेले, दांडगे उरले, त्यांचीच पिलावळ माजली. लेकीसारखंच आता सुनेलाही औषध लागू पडत नाही." भागीरथी बाहेर आली. बाकावर सून धापा टाकत होती. सासूचा हात धरून म्हणाली, "तुमचे पांग कसे फेडू, आई? सख्ख्या लेकीच्या तोंडची गोळी काढून मला दिलीत."