दोघांपैकी कोण?

"कोणती मीटिंग?" रखवालदाराने दुसऱ्यांदा विचारलं.

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं, जावयाने स्वतःच्या बुटांकडे. दारू सोडायला माणसं जमतात ती, एवढंच सांगायचं होतं.

"ती... संध्याकाळची," सासरे शेवटी म्हणाले.

"संध्याकाळच्या छप्पन असतात. वर जाऊन बघा."

वरचं पहिलं दार उघडलं तर आत शिवणाचा वर्ग. सगळ्या बायकांनी एकदम माना वळवल्या. सासरे पेशाने शिंपी. तेवढ्या तारांबळीतही एकीने बाही उलटी लावल्याचं त्यांच्या नजरेने टिपलंच. पुढच्या खोलीत कुठल्याशा सोसायटीची माणसं पाण्याच्या टाकीवरून भांडत होती. तिथे मात्र "या, या, बसा" झालं, आणि जावई बसलासुद्धा. त्या टाकीचं भांडण पहाटेपर्यंत ऐकायला तो एका पायावर तयार होता. सासऱ्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं नाही. जावयाला हात कसा लावायचा? तो उठेपर्यंत ते नुसते दारात उभे राहिले.

बाहेर आल्यावर जावई भिंतीला टेकला. तोंडातली वेलची त्याने या गालातून त्या गालात नेली.

"अण्णा, आज राहू द्या. पुढच्या आठवड्यात मी एकटाच येईन. तिला सांगा, जाऊन आलो म्हणून."

"जावईबापू, तिने उद्या वकिलाची वेळ घेतलीय."

मुलगी पोराला घेऊन माहेरी आली होती आणि तिची अट एकच होती. नवऱ्याने चार माणसांत आपल्या तोंडाने कबूल करावं, की ती परत जायला तयार. नाहीतर वकील. जावयाला हे ठाऊक होतं. तरी तो भिंतीला टेकूनच राहिला, आणि सासरे पुढे चालायला लागले तेव्हा नाइलाजाने मागून आला.

शेवटच्या खोलीवर पाटीच नव्हती. आत गोल मांडलेल्या खुर्च्या, चहाचे कप, आठ-दहा माणसं. कुणी काही विचारलं नाही, फक्त सरकून दोन खुर्च्या मोकळ्या करून दिल्या. जावयाला वाटलं, याच्यापेक्षा टाकीवाले बरे.

"नवीन दिसता," जाड चष्म्याची एक बाई म्हणाली. "दोघांपैकी कोण?"

पंखा फिरत होता. जावयाच्या कपाळावर घाम आला होता आणि तो दाराकडे बघत होता. सासऱ्यांना ते दिसलं. हा आता उठणार, आणि उठला की मुलीचा संसार संपलाच.

"मी," सासरे उठून म्हणाले.

जावयाची मान गर्रकन वळली. ज्या माणसाला सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, तो दारुड्यांच्या खोलीत उभा राहून बोलत होता.

"मी पितो. मुलाच्या शाळेत कार्यक्रम होता, तिथे पिऊन गेलो. पायऱ्यांवर पडलो. पोरगा मास्तरांना सांगत होता, बाबांना चक्कर येते. बायकोने मला घरी आणलं, धुतलं, पुसलं, आणि शेजाऱ्यांना सांगितलं की जेवण बाधलं." ते थांबले. "ती आता हसत नाही हो. वाढलं तर जेवते. रात्री खिडकीशी बसून असते. मी पाणी प्यायला उठतो तेव्हा बघतो ना."

नवरा म्हणून बोलता बोलता त्यांच्या तोंडी बापाचं बोलणं आलं होतं, पण त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं. जावई त्यांच्याकडे बघत राहिला. खिडकीचं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

चष्मेवाल्या बाईने मान हलवली. "शेवटची कधी घेतलीत?"

इथे घोडं अडलं.

"शेवटची... परवा असेल."

"किती?"

"एक... कप."

कोपऱ्यातल्या एकाला हसू फुटलं. दारू कपाने मोजणारा माणूस त्या खोलीत पहिल्यांदाच आला होता. मग दुसराही हसला. सासऱ्यांचे कान लाल झाले. शर्टाची कड चिमटीत धरून ते उभेच राहिले. आयुष्यात ज्याला खोटं बोलायची सवय नाही, तो म्हातारा आता पुढचं खोटं शोधत होता.

"दुपारी," जावई म्हणाला.

हसणं थांबलं.

"आज दुपारी. बाटली गिझरच्या मागे असते. संपवूनच आलोय." त्याने तोंडातली वेलची काढून मुठीत धरली. "ही त्या वासासाठीच."

कुणी हसलं नाही. दोघा-तिघांनी माना खाली घातल्या. त्यांना वेलची ठाऊक होती. सासरे मात्र त्या मुठीकडे बघत राहिले. येताना वाटेत, घसा बरा नाही म्हणतो तर घे म्हणून, ती त्यांनीच त्याला विकत घेऊन दिली होती.

जावयाने खुर्चीची पाठ धरली.

"बसा तुम्ही, अण्णा," तो म्हणाला, आणि उभा राहिला.