बारापर्यंतची नोंदणी

शुक्रवारी सकाळी सव्वाअकरा वाजता मृणालने कराराचा फॉर्म देवच्या पुढ्यात सरकवला आणि घरून घोकून आणलेलं भाषण सुरू केलं. फुटबॉल क्लबचे सगळे करारमदार तिच्याकडे असत. देव क्लबचा कॅप्टन, वय पस्तीस, जन्म इंग्लंडातल्या ब्रॅकनेलचा. मॅनेजर कॉलिन खिडकीपाशी उभा होता. वाईट बातमी द्यायची वेळ आली की या गृहस्थाला मैदानावरचं गवत फार बघावंसं वाटायचं.

"लीगने खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा घातलीये, तुला माहीतच आहे," मृणाल म्हणाली. कॉलिनसमोर ती दोघं बिनधास्त मराठीत बोलत. "आपली काठोकाठ भरलीये. आपल्याला हवा असलेला डिफेंडर, ओवेन, फ्री एजंट आहे, जुना करार संपलाय, त्यामुळे त्याला घ्यायला फी पडत नाही. पण पगार मोजला जाणारच. आणि तो उद्याच्या मॅचला हवा असेल, तर नोंदणी आज बाराच्या आत."

"सो, जागा करायची."

"कोचचा पगार मर्यादेत धरत नाहीत. तू कोच झालास तर तुझे पैसे आहेत तेवढेच राहतील, आणि..."

"आणि मी खेळणार नाही."

"दोन्ही नाही रे चालत. खेळाडू म्हणून नाव राहिलं की पगार मोजला जातो. आज नाव काढलं की संपलं." तिला मनापासून वाईट वाटत होतं आणि ते तिला लपवताही येत नव्हतं. पस्तिशीच्या डिफेंडरला दुसरा कुठला क्लब दारातही उभं करणार नव्हता.

देव हसला. "ताई, किती प्रॅक्टिस केलीस हे बोलायला? ओवेनला फोन मीच केला. ट्यूजडेला. रूल पण वाचला."

"तू?"

"आपण बॉटमला आहोत. लास्ट चार मॅचमध्ये नऊ गोल गेले, त्यातले सहा माझ्या साइडने. आय कॅन काउंट."

मृणालचा जीव भांड्यात पडला आणि लगेच तिला राग आला. "मग मंगळवारीच सांगायचं होतंस. दोन दिवस मला घास गोड लागला नाही."

"कॉलिन सांगेल म्हटलं. मॅनेजर तो आहे."

आपलं नाव ऐकून कॉलिनने मान आणखी बाहेर वळवली.

देवने पेन उचललं, झटक्यात सही ठोकली आणि फॉर्म परत सरकवला. मृणालने तो पाहिला आणि त्याच्याकडे फिरवला. सही खेळाडूच्या चौकटीत होती. कर्मचाऱ्याची चौकट खाली कोरी.

"सॉरी," देव म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. सतरा वर्षं तो त्याच चौकटीत सही करत आला होता.

तिने दुसरा फॉर्म छापून आणला. या वेळी त्याने ओळीवर बोट ठेवून शब्दन् शब्द वाचला, मग हळूच सही केली. मृणालने एक नाव काढलं, दुसरं घातलं. बाराला दहा मिनिटं असताना लीगची पोच आली.

देव उठला. दाराकडे जाता जाता त्याने कॉलिनच्या खांद्यावर हात ठेवला.

"ओवेन तीन महिने मॅच खेळलेला नाही," तो इंग्रजीत म्हणाला. "सत्तराव्या मिनिटाला दमेल. तेव्हा बेंचवर माझ्याकडे बघू नकोस."