एक फळी

गोदामाचं थेटर करताना दाऊदशेठने खिडक्यांना फळ्या ठोकल्या, त्यात त्याचा दुहेरी फायदा होता. दुपारच्या खेळाला पडद्यावर ऊन येत नव्हतं आणि केडगावच्या फुकट्यांना बाहेरून काही दिसत नव्हतं. मधे आडभिंत घालून केलेल्या बायकांच्या बाजूला टवाळ पोरं शिरू नयेत म्हणून तिकडचं एकुलतं दार बाहेरून कुलूपबंद, किल्ली त्याच्या खिशात.

चव्वेचाळीस सालचा वैशाख, वर तापलेले पत्रे. आत जाताना बायको गौहर दारात अडखळली. “अजी, माझा दमा तुमाला ठाव हाय. एक फळी तरी काढा.”

“एक काढली तर समदं गाव फुकटात बघंल. आन् तू बिनतिकिटाची, मागं भिंतीकडं बस. पुढची जागा गिऱ्हाइकाची.”

पडद्यावर नायिका मरायला टेकली, तशी बायकांकडून रडारड ऐकू आली. दाऊद मिशीत हसला. दारवानाला म्हणाला, “अब्दुल, ऐक! असं रडवणारा खेळ महिनाभर हलत न्हाई.”

तेवढ्यात फीत तुटली. पडदा कोरा झाला, पुरुष शिट्ट्या मारू लागले. बायकांचा आक्रोश मात्र थांबेना. आता त्यात दारावरच्या थापाही ऐकू येत होत्या.

दाऊद बायकांच्या दाराकडे धावला. कुलपाशी पोचेतो किल्ली दोनदा हातातून निसटली. दार उघडताच बायका एकमेकींवर कोसळत बाहेर आल्या. कुणाला पाणी पाजलं, कुणाला पदराने वारा घातला.

तिकीट काढून आलेल्या सगळ्या शुद्धीवर आल्या. बिनतिकिटाची गौहर तेवढी उठली नाही.